भाऊजींचं दुसरं वाचन

"ज्या माणसाला कुठल्या निबंधातलं कुठलं वाक्य कुठल्या पानावर आहे, ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, त्याला हे आठवत नाही?"

हे मी ऐकलं तेव्हा माझ्या हातात चहाची गाळणी होती. भाऊजींची खोली आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसत्या फळ्यांची भिंत. वरच्या बाजूला हवा खेळावी म्हणून वीतभर फट ठेवलेली. त्या फटीतून इतकी वर्षं माझ्याकडून तिकडे धूर जायचा आणि तिकडून माझ्याकडे खोकला यायचा. भांडण त्या दिवशी पहिल्यांदा आलं, आणि तेही एकतर्फी.

"सांगा ना, सर. आठवत नाही, की आठवायचं नाही?"

भाऊजींची खुर्ची तेवढी करकरली.

"मी तुमच्याकडे काही मागायला आले नव्हते. तुम्हीच म्हणालात, तुझं झालं असेल तर देऊन ठेव, मी दोन्ही जोडून टाकतो. मी दिलं. का दिलं, विचारा की."

"का दिलंस?" भाऊजींचा आवाज मला ओळखूच आला नाही. हा माणूस एरवी खणखणीत बोलायचा.

"तुम्ही मागितलं म्हणून. दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर तोंडावर नाही म्हटलं असतं."

मी चहाचे कप घेऊन दाराशी गेले तर ती बाहेर येत होती. भाऊजींच्या विद्यापीठातल्या विभागात तिला टाचणी म्हणायचे. अंगाने तशी, आणि जिभेनेही. मला म्हणाली, "चहा नको काकू, येते मी." चपला नीट पायात सरकवल्या आणि जिना उतरली. दार आपटून जाणारं माणूस पुन्हा येतं. हिने दार हळूच लावून घेतलं, तेव्हाच मी समजले.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगायचं, तर आधी भाऊजी कोण ते सांगायला हवं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा शिकत होते, आणि नंतरही शिकतच राहिले. विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात नोकरी लागली, ती मात्र शिकवण्यापेक्षा वाचण्याची. आमच्या घरी कुणी विचारलं की, हे नक्की करतात काय, तर सांगताना माझी त्रेधा उडायची. मी चार इयत्ता शिकलेली. पण इतकी वर्षं ऐकून ऐकून मला जे समजलं ते असं. जगात हजार ठिकाणी हजार माणसं माणसाच्या मनावर अभ्यास करत असतात. एक म्हणतो पूर्व, दुसरा म्हणतो पश्चिम. मग कुणीतरी बसून त्या प्रश्नावरचे सगळ्यांचे निबंध गोळा करायचे, सगळे वाचायचे, धड कुठले आणि कच्चे कुठले ते निवडायचं, आणि सगळे मिळून काय सांगतायत ते लिहायचं. त्याला आढावा म्हणतात. भाऊजी आयुष्यभर आढावे लिहीत राहिले.

आमचे हे त्यांना चिडवायचे, "स्वतः कधी काही शिजवलं नाहीस. दुसऱ्यांच्या पातेल्यात बोट घालून चव सांगत फिरतोस."

"कुणीतरी चव घ्यायला हवी, दादा," भाऊजी म्हणायचे. "नाहीतर सगळेच आपलं आपलं चांगलं म्हणतात."

विभागात त्यांना चाळणीसर म्हणत. टाचणी त्यांच्या हाताखाली आली तेव्हा चाळणी-टाचणी अशी जोडीच झाली. नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण चपखल होतं. कुणाचंही बोलणं त्यांच्याजवळून चाळल्याशिवाय पुढे जायचं नाही. जेवताना हे म्हणायचे, "तळपायाला तेल चोळलं की झोप लागते." लगेच प्रश्न, "किती जणांना?" "मला." "म्हणजे एकाला. आणि तेल न लावता कधी झोपून बघितलंस?" मुलं तर त्यांची नक्कलच करायची. शाळेतून येऊन कुणी काही सांगितलं की दुसरा लगेच चष्मा नाकावर ओढल्यासारखं करून विचारायचा, "मूळ बघितलंस का?" कारण हा त्यांचा लाडका प्रश्न. अमक्याने तमक्याचं म्हणणं लिहिलंय, हे त्यांना चालायचंच नाही. तमक्याचं मूळ लिखाण काढून डोळ्यांनी वाचायचं. बहुतेक वेळा, ते म्हणायचे, मुळात भलतंच असतं.

लग्नाचंही तसंच झालं. स्थळं आली, पण एकही त्यांच्या अटींत बसेना. शेवटी मीच म्हटलं, "भाऊजी, आता आढावा आवरा. मुली नाहीत उरल्या." ते हसले, आणि विषय संपला.

त्यांच्या कामातली एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच फिरतं. निबंध एकट्याने निवडायचे नाहीत. दोघांनी निवडायचे, आणि दोघांनी एकमेकांचं न बघता. एकाने ठेवला, दुसऱ्याने काढला, असं झालं की समोरासमोर बसून वाद घालायचा. मला त्यांनी हे तांदूळ निवडताना समजावलं होतं. म्हणाले, "वहिनी, समजा एकाच ताटातले तांदूळ तुम्ही निवडले आणि मग शेजारणीने निवडले, तुम्ही काय काढलंत ते न बघता. तुमच्या नजरेतून निसटलेला खडा तिला सापडेल."

मी म्हटलं, "आम्ही दोघी एका ताटाशी बसलो की खडे सापडत नाहीत, शेजाऱ्यांची उणीदुणी सापडतात."

"म्हणूनच एकत्र बसायचं नाही," भाऊजी म्हणाले, आणि मनापासून हसले. तेव्हा त्यांना हसू यायचं या गोष्टीचं.

मग इस्पितळाचं काम आलं. लहान मुलांच्या वॉर्डात रात्रंदिवस घरचं माणूस जवळ राहू द्यावं की नाही, यावर तिथल्या डॉक्टरांत वाद होता. काही म्हणत, माणूस जवळ असलं की मूल जास्त रडतं, औषध घेत नाही. काही म्हणत, उलट शांत राहतं. त्यांनी विभागाला विचारलं, जगात यावर जे काही लिहिलं गेलंय त्याचा आढावा घेऊन सांगा, त्याप्रमाणे नियम करू. भाऊजी आणि टाचणी, दोघांवर काम आलं. सुरुवातीला दोघांनी बसून ठरवलं की घरचं कुणीही चालेल. आई, बाप, आजी, मावशी, जो कुणी मुलाजवळ राहिला असेल, तो अभ्यास आपल्यात घ्यायचा.

टाचणीने पहिलं वाचन केलं. आता ती पोरगी याआधी कितीतरी वर्षं फक्त आई आणि बाळ यांच्यावरच काम करत होती. तीच सवय हाताला लागलेली. निबंधात आई दिसली नाही की तिचा हात आपोआप तो बाजूला टाकायचा. आज्यांचे, बापांचे सगळे अभ्यास असे बाजूला गेले. तिच्या ध्यानातही आलं नाही. चूक झाली खरी, पण अशी चूक कुणाच्याही हातून होते. म्हणून तर दुसरा वाचक असतो.

दुसरे वाचक भाऊजी होते.

आढावा लिहून झाला. त्यात निघालं की आई जवळ असली तर मूल शांत राहतं, आणि दुसऱ्या कुणाचा उपयोग होतो असं काही सापडलं नाही. इस्पितळाने त्याचा अर्थ लावला की दुसऱ्या कुणाचा उपयोग होत नाही. वॉर्डाच्या दारावर पाटी लागली, मुलाजवळ फक्त आईने थांबावं.

ही पाटी मी स्वतः पाहिली. माझ्या लेकीची दुसऱ्यांदा नुकतीच सुटका झालेली, ती अंथरुणावर. आणि त्यातच थोरल्या नातीच्या छातीत कफ दाटला. तीन वर्षांची पोर, श्वास घेताना बरगड्या दिसायच्या. जावई आणि मी तिला घेऊन गेलो. भरती करून घेतलं, सलाइन लावलं, आणि सिस्टर म्हणाली, "आता तुम्ही निघा."

"मी थांबते की."

"आजी, फक्त आई थांबू शकते."

"आई अंथरुणाला खिळलीय. मी तिच्या आईची आई आहे, म्हणजे दुप्पट आई."

सिस्टर हसली बिचारी. तिचाही जीव होत नव्हता. "नियम आहे, आजी. विद्यापीठातल्या मोठ्या लोकांनी अभ्यास करून सांगितलंय. मी काय करू?"

पोर खाटेच्या कठड्याला धरून उभी होती, सलाइनची नळी ताणून. मी दाराच्या काचेतून बघत राहिले, तर सिस्टरने मला खांद्याला धरून वळवलं, म्हणाली, तुम्ही दिसलात की जास्त रडेल. ती बरी होऊन घरी आली, देवाची कृपा. पण मी घ्यायला हात पुढे केले तर तिने तोंड फिरवलं, आणि कित्येक दिवस माझ्याकडे आलीच नाही. मुलांना नियम समजत नाहीत. त्यांना एवढंच समजतं की ही मला टाकून गेली.

त्या दिवशी जेवताना मी भाऊजींना म्हटलं, "तुमच्या आढाव्याने मला दाराबाहेर काढलं हो. आजीचा उपयोग नसतो म्हणे." मी चेष्टेनेच म्हटलं होतं. त्यांच्यावर राग नव्हता माझा; मला वाटायचं, इतक्या लोकांनी अभ्यास केलाय, खरंच असेल, आपलंच काहीतरी चुकत असेल. त्यांचा घास हातातच राहिला. "आजीचा नाही असं नव्हतं लिहिलेलं," एवढं म्हणाले, आणि पान तसंच ठेवून उठले.

नंतर काही दिवस ते रोज लायब्ररीतून पिशवी भरून निबंध आणायला लागले. दार लावून वाचत बसायचे. हे म्हणाले, "निवृत्तीला आलास, आता कसली परीक्षा आहे?" भाऊजींनी मान वर केली नाही. हे त्यांचं खरं दुसरं वाचन होतं. वरातीमागून घोडं. वाचलं, आणि त्यांना समजलं, बाजूला टाकलेल्या त्या सगळ्या निबंधांत आज्या होत्या, बाप होते, मावश्या होत्या, आणि मुलं त्यांच्याजवळही शांत झोपली होती.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. रोज सकाळी अंघोळ करून, केस विंचरून विभागात जायचे आणि यायचे. मला वाटायचं, तब्येत बिघडलीय. मी काढा देत राहिले. काढ्याने काय होणार.

मग बाहेरच्या एका विद्यापीठातून विभागप्रमुखांना विचारणा आली. तुमच्या आढाव्यात हे इतके ठळक अभ्यास कसे नाहीत? प्रमुखांनी दोघांच्या निवडी शेजारी शेजारी ठेवल्या. दोघांच्या खुणा तंतोतंत सारख्या. इतकं कधी होत नाही म्हणे. नवरा-बायकोचंही जमत नाही. टाचणीने एक निबंध चुकून दोनदा घेतला होता, एकदा ठेवला आणि एकदा काढला. भाऊजींच्या खुणांतही तो एकदा ठेवलेला आणि एकदा काढलेला. म्हणजे कुणीतरी कुणाचं तरी उतरवलं, हे उघड होतं. आणि चाळणीसर तर उतरवणार नाहीत. मग राहिलं कोण? प्रमुखांनी ठरवलं, पोरीने सरांच्या खुणा स्वतःच भरून टाकल्या. तिची नोकरी तात्पुरती होती, कायमचा हुकूम निघायच्या बेतात होता. तो थांबवला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

प्रमुखांनी भाऊजींनाही बोलावून विचारलं, रीत म्हणून. "सर, या खुणा तुम्ही केल्यात का?"

भाऊजी म्हणाले, "मला नीट आठवत नाही."

त्याच संध्याकाळी टाचणी आमच्या घरी आली. तेव्हाचं बोलणं मी सुरुवातीला सांगितलंच.

ती गेल्यावर भाऊजी स्वयंपाकघरात आले. एरवी ते उंबऱ्यावर उभे राहून बोलायचे, त्या दिवशी आत येऊन पाटावर बसले. मी गार झालेला चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

"वहिनी, तुम्ही ऐकलंत?"

"फट तुमच्याच हट्टाने ठेवलीय," मी म्हटलं.

"मी वाचलेच नाहीत ते. तिच्या खुणा समोर ठेवल्या आणि माझ्या करत गेलो."

मी विचारलं, "डोळे दुखत होते का?" खरं सांगते, मला वाटत होतं त्यांनी हो म्हणावं.

त्यांनी थोडा विचार केला. या माणसाला खोटं बोलण्याआधीही विचार करावा लागायचा. "नाही. डोळे ठीक होते. कंटाळा आला होता."

"कंटाळा?"

"आयुष्यभर वाचलं, वहिनी. एके दिवशी बसलो आणि पुढचं पान उलटावंसं वाटेना. म्हटलं, पोरगी हुशार आहे, तिने बघितलंय ना. पहिली खूण तिची बघून केली, दुसरीही केली. मग पुढच्या नुसत्या उतरवतच गेलो. आणि आज मला विचारलं तर मी म्हणालो, आठवत नाही." ते जमिनीकडे बघत होते. "मेलो असतो तर बरं झालं असतं."

"मेला असतात तर तिचं काय झालं असतं?" मी म्हटलं. "आणि हे मला सांगून काय उपयोग? मी काय तुमची विभागप्रमुख?"

हे तेवढ्यात आत आले. त्यांनीही ऐकलं होतं सगळं. ते आपल्या धाकट्या भावाच्या बाजूचे, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही; रक्ताचं माणूस. म्हणाले, "नोकरीचे थोडेच दिवस राहिलेत तुझे. इतक्या वर्षांचं नाव एका दिवसात घालवतोस? ती तरुण आहे, तिला दुसरीकडे मिळेल."

"तरुण आहे म्हणून तिच्या डोक्यावर ठेवायचं का?" मी म्हटलं.

"तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्ये नाही, मी बाहेर होते. दाराबाहेर, काचेपाशी."

चहा उतू गेला, तो मी पुसला.

तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं असेल. नाही. दुसऱ्या दिवशी बूट घालून जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. तिसऱ्या दिवशी रस्त्याच्या वळणापर्यंत गेले. मी खिडकीतून बघत होते. तिथल्या दिव्याच्या खांबाला हात लावून उभे राहिले, शिवाशिवीच्या खेळात मूल राहतं तसे, आणि परतले. ताप आलाय म्हणाले. मी कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हटलं, "ताप नाही." त्यांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. पासष्टीला टेकलेला माणूस. बघणाऱ्यालाच मान खाली घालावीशी वाटावी.

शेवटी विभागाची बैठक होती त्या दिवशी गेले. तिथे काय झालं ते त्यांनीच मला आल्यावर सांगितलं. सगळे बसलेले, टाचणी कोपऱ्यात. भाऊजी उभे राहिले आणि म्हणाले, "खुणा मी केल्या. तिच्या बघून केल्या. मी एकही निबंध वाचला नव्हता."

आणि कुणाचा विश्वासच बसला नाही.

प्रमुखांचे डोळे पाणावले म्हणे. म्हणाले, "सर, तुमचं मन किती मोठं. एका पोरीला वाचवायला तुम्ही स्वतःवर घेताय." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. एक म्हातारा प्राध्यापक तर उठून त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "अशी माणसं आता राहिली नाहीत." हे सांगताना भाऊजींचा चेहरा असा झाला होता, की कुणी चारचौघांत थोबाडीत मारली असती तर तो बरा दिसला असता. "वहिनी, मी चोरी कबूल करत होतो, आणि ते मला शाबासकी देत होते. आणि ती बघत होती." टाचणी एक शब्द बोलली नाही. तिने का बोलावं?

ते पुन्हा म्हणाले, खरंच मीच केलं. प्रमुख म्हणाले, बसा सर, तुम्हाला त्रास होतोय. म्हणजे आयुष्यभर मिळवलेलं नाव आता त्यांच्याच खऱ्या बोलण्याच्या आड आलं. तेव्हा ते म्हणाले, "मी सांगतो म्हणून मानू नका. ग्रंथपालांना बोलवा."

ग्रंथपाल बाई आल्या. त्यांना विचारलं, सरांनी या कामाचे निबंध लायब्ररीतून कधी नेले? त्या गोंधळल्या. म्हणाल्या, "सरांनी आत्ता नेले, पाटी लागल्यानंतर. काम चाललं होतं तेव्हा मागितलेच नव्हते. मला वाटलं, सरांकडे आधीपासूनच असतील. सरांकडे काय नसतं?"

म्हाताऱ्या प्राध्यापकाने धरलेला हात सोडून दिला.

टाचणीचा हुकूम निघाला, उशिरा का होईना. चुकीची दुरुस्ती छापायची होती. प्रमुखांनी मऊ वाक्य लिहिलं होतं, काही निबंध नजरचुकीने वगळले गेले. भाऊजींनी ते खोडायला लावलं आणि लिहायला लावलं की दुसऱ्या वाचकाने निबंध वाचले नव्हते, आणि दुसरा वाचक कोण तेही. इस्पितळाला पाटी बदलायला फार वेळ लागला. पाटी लावायला घाई, काढायला सवड. पण बदलली. घरचं कुणीही एक माणूस, असं आता तिथे लिहिलंय. ते वाचायला मी मुद्दाम एकदा जाऊन आले.

निरोपाचा समारंभ झाला नाही. विभागाने विचारलं होतं, पण भाऊजींनी नको म्हटलं, आणि विभागाने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

घरात एक गोष्ट बदलली. पुढे टीव्हीवर कुणी तज्ज्ञ काही सांगायला लागला, की मुलं सवयीने भाऊजींकडे बघायची. ते मान खाली घालून जेवत राहायचे. एकदा ह्यांनी मुद्दाम छेडलं, "अरे विचार की, किती जणांवर?" तर म्हणाले, "मी कोण विचारणारा, दादा?" आणि पाणी प्यायले. ह्यांनी नंतर कधी चेष्टा केली नाही. तेलही मुकाट्याने लावायचे.

टाचणी आमच्या घरी पुन्हा आली नाही. रस्त्यात भेटली तर माझी विचारपूस करायची, काकू गुडघे कसे आहेत, नातवंडं कशी आहेत. भाऊजींचं नाव काढायची नाही. मीही काढायची नाही. पण बऱ्याच वर्षांनी, ती विभागात मोठी झाल्यावर, शिपाई एक गठ्ठा घेऊन आला. वर तिच्या हातची चिठ्ठी, दुसरं वाचन हवंय, माझं पाकीट ग्रंथपालांकडे बंद आहे, तुमचंही तिथेच बंद करून द्यावं. खाली सही. कसे आहात नाही की नमस्कार नाही.

हे म्हणाले, "म्हणजे तुझ्यावर पहारा बसवलाय."

"बसवायलाच हवा," भाऊजी म्हणाले. त्यांनी तो गठ्ठा असा दोन्ही हातांनी घेतला होता, की मला बघवेना.

तेव्हापासून तेच चाललं. गठ्ठा यायचा, भाऊजी एक एक निबंध पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचे, ओठ हलवत, शाळेतल्या पोरासारखे. कंटाळा येत असणारच. मधूनच उठून खोलीत येरझाऱ्या घालायचे आणि पुन्हा बसायचे. झालं की पाकिटाला डिंक लावायचे, वर वजन ठेवायचे, आणि सुकल्यावर स्वतः नेऊन द्यायचे. शिपायाच्या हाती कधी दिलं नाही. तिने त्यांना माफ केलं का, असं मला नात विचारते. मला नाही माहीत. काम पाठवायची, एवढं खरं. आणि तेही तिला दुसरा कुणी इतका नीट वाचणारा मिळत नव्हता म्हणून असेल.

शेवटच्या वेळी मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांना दम लागायचा, एकटं सोडवेना. मला गुडघ्यांनी चालवत नव्हतं, तरी निघाले. एक पांगळी आणि दुसरा धापा टाकणारा, बरी वरात होती. रस्ता ओलांडताना मी त्यांची बाही धरली, तर म्हणाले, "वहिनी, कोण कोणाला सांभाळतंय?"

लायब्ररीचा जिना कठड्याला धरून चढले. प्रत्येक वळणावर थांबले. वर टेबलाशी दोन-तीन विद्यार्थी उभे होते. ग्रंथपाल आता नवीन मुलगी होती. तिने त्यांना बघून पुढे बोलावलं, पण ते रांगेतच उभे राहिले. मी बाकावर टेकले. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं, डिंक सुटलेला नाही ना ते बोट फिरवून पाहिलं, आणि तिच्या हातात दिलं.

"मॅडमचं कालच आलंय, सर," ती म्हणाली. "दोन्ही आत्ताच उघडू का? लगेच समजेल किती जुळलंय ते."

"मी जिना उतरल्यावर उघडा," भाऊजी म्हणाले. तिला हे सवयीचं असावं. तिने मान हलवून दोन्ही पाकिटं एकावर एक ठेवली.

आम्ही उतरलो. खाली आल्यावर ते पायरीवर थोडे बसले, श्वास जमेपर्यंत. मग वाटेत माझ्या गुडघ्यांचं मलम घ्यायचं होतं ते औषधाच्या दुकानातून घेतलं, आणि आम्ही घरी आलो.